तान्ह्या पोळ्यातली टाळी

बाळांनो, थोडा वेळ डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुमच्या हातात एक सुतळी आहे. सुतळीच्या दुसऱ्या टोकाला चार चाकांचा लाकडी बैल. शिंगांना बेगड लावलेली, पाठीवर झूल, कपाळाला गुलाल. तुमच्या पुढे वीस-पंचवीस मुलं उभी आहेत, मागेही तेवढीच, आणि प्रत्येकाजवळ असाच एक बैल. काल मोठ्या बैलांचा पोळा झाला. आजचा तान्हा पोळा तुमचा. आधी बैलांची पाहणी होईल, मग वेशभूषेची स्पर्धा, आणि मग घरोघरी बैल नेऊन बोजारा मागायचा. कुणी चॉकलेट ठेवेल हातावर, कुणी पेढा.

आता त्या रांगेत स्वतःला शोधा. तुमच्या पुढे पांढरा कोट घातलेला एक डॉक्टर आहे, वय वर्षं पाच. मागे दोन जिजाऊ आहेत आणि त्यातल्या एकीचा अंबाडा सुटत आलाय. तुमचे पाय मात्र एका जागी ठरत नाहीत. तुमचा बैल सारखा मागे-पुढे होतो आहे, डॉक्टरच्या टाचेला दोनदा लागलाही आहे. कारण तुम्ही डॉक्टर नाही, जिजाऊ नाही, परीही नाही. तुम्ही ज्या माणसाचा वेश घेतलाय, ते माणूस इथं कुणी ओळखेल की नाही, हेच तुम्हाला माहीत नाही.

जमलं? मग आता तुम्ही रोहण्याची काजल आहात. सहावीत शिकता. आईची पिवळी साडी अर्धी दुमडून नेसला आहात, कणसाला काळा कागद गुंडाळून केलेला माईक एका हातात आहे, आणि गळ्यात आईच्या शिलाई मशीनच्या डब्यातला माप घ्यायचा टेप.

तो टेप दामिनीताईचा होता. म्हणजे टेप आईचाच, पण तसा गळ्यात घालायची पद्धत दामिनीताईची.

दामिनीताई मूळची श्यामजीपंतांच्या तळेगावची. आता वर्ध्याला तिचं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती मोबाईल मशीनला टेकवून ठेवते आणि बोलते. लोक तिला प्रश्न पाठवतात आणि ती हातातलं काम न थांबवता उत्तरं देते. कधी काज करता करता, कधी हुक लावता लावता. ती बोलायची आपल्याच बोलीत. "लोकांनी मले जन्मल्या जन्मल्या पोरगा समजलं," ती एकदा म्हणाली होती. "मी पोरगी आहो. समजण्यात त्यांची चूक झाली, माह्या असण्यात नाई. कागदावर तृतीयपंथी लिवतात, इंग्रजीत ट्रान्सजेंडर म्हणतात. मले दोन्ही चालते. दामिनीताई म्हटलं तर जास्त चालते."

आईच्या मोबाईलवर ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने बघता बघता काजलला ती सापडली. मग काजल रोज तिला ऐकू लागली. एक दिवस तिनं आईला विचारून एक प्रश्न पाठवला: 'शाळेत तुम्ही कुठं बसत होत्या, पोरांकडे का पोरींकडे?'

चार दिवसांनी उत्तर आलं. दामिनीताईनं सुई थांबवली, जी ती कधी थांबवत नसे.

"रोहण्याच्या काजलनं लय चांगलं विचारलं. मी बसो पोरांच्या रांगेत सगळ्यात मांगं, दाराजवळ. काऊन? तर पयता आलं पायजे. चिडवणं सुरू झालं का मी दारातून बाहेर. असं पयता पयता नववीत शाळाच सुटली. ती दाराजवळची जागा अजून असंल. तिथं कोणी बसत असंल तर त्याले सांगजा, पयू नको म्हणा, आम्ही आहो."

'रोहण्याची काजल' हे शब्द काजलनं किती वेळा ऐकले असतील ते मोजलं नाही. त्या दिवसापासून ती गोपाल सरांच्या मागे लागली, दामिनीताईंना शाळेत बोलवा म्हणून. दर शनिवारी शाळेत दप्तर नसतं, पाहुणे येतात, कुणी मधमाश्यांवर बोलतं, कुणी सापांवर. गोपाल सरांनी दामिनीताईचे दहा-बारा व्हिडिओ स्वतः पाहिले आणि फोन केला. तान्हा पोळा शनिवारी होता, त्याच्या पुढचा शनिवार ठरला. पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम काजलकडे आलं.

म्हणून ती आज दामिनीताई झाली होती. तिनं पाच वाक्यांचं भाषण पाठ केलं होतं.

"चला, पुढचा नंबर," माईकवर ओमप्रकाशकाका होते. गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात माईक त्यांच्याच हातात असतो, कारण माईक त्यांचाच आहे, भोंगेही त्यांचेच. "ये वं पोरी. गळ्यात काय हे? तू बी डॉक्टरच काय? ह्या वर्षी दवाखानाच आला बाप्पा पोळ्यात."

लोक हसले. काजलही हसली. मग तिनं कणीस तोंडाजवळ धरलं.

"नमस्कार. मी दामिनी, तळेगावची. मी कपडे शिवतो आणि लोकांच्या प्रश्नांची उत्तरं देते."

गडबडीत 'शिवते'चं 'शिवतो' झालं. तेवढ्यात ओमप्रकाशकाकांना आठवलं.

"दामिनी? थे मोबाईलवरची? अरे थे तं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माईक काखेत धरला, बोटं फाकवली आणि तळव्यावर तळवा आपटून एक टाळी वाजवली. रेल्वेत, बाजारात मागायला येणाऱ्या तृतीयपंथी बायका वाजवतात तशी.

असं हसू रोहण्यात बऱ्याच दिवसांत ऐकू आलं नव्हतं. देवळाच्या पायरीवरचे म्हातारे हसले, जिजाऊ हसल्या. डॉक्टर काही न कळता हसला.

"भाषण राहू दे," ओमप्रकाशकाका म्हणाले. "टाळी वाजवून दाखव. इनाम पक्कं."

काजलनं आईकडे पाहिलं. रीतानं, म्हणजे काजलच्या आईनं, पदर तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. काजलनं कणीस काखेत धरलं. तिनं टाळी वाजवली. एकच.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. लाल रंगाची स्टीलची पाण्याची बाटली.

काजलचा चुलतभाऊ ऋतिक कॉलेजात जातो आणि गावातलं सगळं मोबाईलवर टाकतो. त्यानं ते चित्रीकरण केलं होतं. संध्याकाळी त्यानं त्यातले बावीस सेकंद टाकले: ओमप्रकाशकाकांची टाळी, मग काजलची टाळी, मग बाटली. खाली लिहिलं, 'रोहण्याचा तान्हा पोळा, पहिला नंबर.' रविवारी सकाळपर्यंत ते आर्वीत पोचलं होतं. दुपारी पुलगावहून मावशीचा फोन आला, "काजी, तू तं फेमस झाली वं." व्हिडिओखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे रांगेनं बसले होते. काजलनं अंगठ्यानं ती रांग वर सरकवली. ती संपेना.

तिला खूश व्हावंसं वाटत होतं. ते काही जमेना. ती अंगणात गेली, घरात आली, पुन्हा अंगणात गेली.

"काय फिरून राह्यली मांजरीसारखी?" आई म्हणाली. "बस ना एका जागी."

"आई, तू हसली ना काल?"

"सगळेच हसले."

"म्हणून तं विचारून राह्यली."

रीतानं पिठाचा डबा उघडला, बंद केला.

सोमवारी दुपारी दामिनीताईचा नवा व्हिडिओ आला. ती लाल ब्लाउजची बाही उसवत होती. बराच वेळ नुसती उसवतच राहिली.

"मले काल एकच व्हिडिओ बावीस-तेवीस जणांनी पाठवला," ती म्हणाली. "पाह्यला मी. पोरगी लहान आहे, तिले कोणी काही बोलजा नका. लहान पोट्ट्यांले मोठ्यांनी जे दाखवलं तेच ते करतात. पण एक गोष्ट मनातून जाऊन नाई राह्यली. तिच्या गळ्यात टेप होता. म्हंजे ती मले पाह्यते. मले पाह्यते, ऐकते, आणि तरी तिले माह्यातलं दाखवाले ती टाळीच सापडली." तिनं दोरा तोडला. "शनिवारी रोहण्याले जायचं कबूल केलं व्हतं. जाऊ का नको, पाहून राह्यली."

काजलनं मोबाईल उलटा ठेवला.

तिला दामिनीताईला सांगायचं होतं की तसं नव्हतं. तिनं लिहायला घेतलं. 'ताई, मी चिडवत नव्हती.' पुसलं. मग बोलून पाठवावं म्हणून बटण दाबून धरलं. "ताई, मी काजल, ते ओमप्रकाशकाका म्हणाले म्हणून मी..." सोडलं, पुसलं. पुन्हा केलं. प्रत्येक वेळी वाक्य ओमप्रकाशकाकांपाशीच जाऊन थांबायचं आणि प्रत्येक वेळी तिला ते अर्धं वाटायचं. सातव्या प्रयत्नाला आईनं मोबाईल मागितला, कारण दूधवाल्याला फोन करायचा होता.

मंगळवारी ती ऋतिककडे गेली. तो गणपतीच्या मांडवासाठी बांबू बांधत होता.

"ऋतिकदादा, तो व्हिडिओ काढून टाक ना."

"अकरा हजार लोकांनी पाह्यला. आता मी काढला तरी काय? लोकांजवळ आहे तो." त्यानं दातांनी सुतळी ओढली. "आणि कायले काढू? तुले कोणी काही म्हटलं काय? लोकं तं कौतुक करून राह्यले."

"मी भाषण करून राह्यली होती. ते तू टाकलंच नाई."

"भाषण कोण पाह्यते?"

"तुह्याजवळ पुरा आहे?"

"आहे ना. साडेतीन मिनिटं. पुरा टाकला असता तं अकरा लोकांनी बी पाह्यला नसता." त्यानं खिशातून मोबाईल काढून तिच्या हातात दिला. "पाह्य. पण बॅटरी संपवजो नको."

काजल बांबूच्या ढिगावर बसली. पुरावा मिळाला होता. हा पुरा व्हिडिओ दामिनीताईला पाठवला की झालं. त्यात तिचा नमस्कार असेल, तिची दोन वाक्यं असतील. मग ओमप्रकाशकाका मधे घुसलेले दिसतील, आणि दामिनीताईला कळेल.

व्हिडिओत नमस्कार होता. वाक्यंही होती. ओमप्रकाशकाका मधे घुसले. गाव हसलं. काजलनं आईकडे पाहिलं, कणीस काखेत धरलं, टाळी वाजवली. आणि टाळी वाजवताना काजल हसत होती.

घाबरून किंवा कसंनुसं नव्हे. चांगली हसत होती, दात दिसेपर्यंत. टाळीचा आवाज बरोबर निघाला म्हणून तिला गंमत वाटली होती. टाळीनंतर तिनं जिजाऊंकडे वळून पाहिलं होतं, पाहिलंत का, अशा नजरेनं.

तिनं तो भाग पुन्हा लावला. ती अशी हसली होती हे तिला आठवतच नव्हतं. तिच्या आठवणीत ती गप्प उभी होती आणि मोठ्या माणसांनी तिच्याकडून टाळी वाजवून घेतली होती. मोबाईलमधली मुलगी वेगळीच होती.

"झाला का पाहून?" ऋतिकनं विचारलं. "पाठवू तुह्या आईच्या नंबरवर?"

"नको," काजल म्हणाली.

तुमच्यापैकी कुणाला असं कधी झालंय का, की आपण काय केलं ते आपल्याला एक आठवतं आणि प्रत्यक्षात झालेलं असतं दुसरंच? झालं असेल तर त्या आठवड्यात काजलला झोप का लागली नाही, ते मी सांगायला नको. बुधवारी गणपती बसले. आरतीत तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, हात पाठीमागे धरून उभी राहिली. गुरुवारी ती बाटली घेऊन ओमप्रकाशकाकांच्या दुकानात गेली. बाटलीवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं.

"काका, हे परत घ्या."

"काऊन? गळते काय?"

"नाई. मले नको."

ओमप्रकाशकाकांनी बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. "दामिनीबाईचा व्हिडिओ पाह्यला मी," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरी, माह्या मनात काही वाईट नवतं. गंमत होती. पोळ्याच्या दिवशी लोक हसले पायजे, एवढंच असते माह्या डोक्यात." मग त्यांनी बाटली पुन्हा तिच्यापुढे सरकवली. "इनाम दिलं म्हंजे दिलं. घरी जाय."

ती बाटली घेऊन घरी आली. तिला वाटलं, काकाही आपल्यासारखंच बोलतात. वाईट नव्हतं मनात, एवढंच. पुढे त्यांनाही काही सापडत नाही.

शुक्रवारी गोपाल सरांनी तिला वर्गाबाहेर बोलावलं. त्यांच्या हातात खडू होता आणि ते तो एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते.

"दामिनीताईंचा सकाळी फोन आला. येते म्हणाल्या."

काजल त्या खडूकडे बघत राहिली.

"दोन पालकांचेही फोन आले. पोरांना हे काय शिकवता, म्हणत होते. मी म्हटलं, या आणि खिडकीत उभं राहून ऐका, मग बोलू." सरांनी खडू खिशात टाकला. शर्टाला पांढरा डाग पडला. "परिचय तू करणार होतीस. त्यांना माहीत नाही की व्हिडिओतली मुलगी म्हणजे त्यांना प्रश्न विचारणारी काजल. नाव मी सांगितलेलं नाही. तुला नको असेल तर सुरभी करेल परिचय."

"सुरभीले सांगा," काजल म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला हलकंही वाटलं आणि लाजही वाटली.

"बरं," सर म्हणाले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. चांगले शिक्षक कधी कधी विचारत नाहीत.

शनिवारी सकाळी दामिनीताई स्कूटीवर आली. निळी साडी, डोक्यावर हेल्मेट, पाठीला पिशवी. मोबाईलमध्ये ती उंच वाटायची, प्रत्यक्षात गोपाल सरांच्या खांद्याला लागत होती. मुलं मोठ्या खोलीत सतरंजीवर बसली होती. खिडक्यांत माणसं होती. एका खिडकीत रीता, दुसऱ्या खिडकीत ऋतिक आणि त्याच्यामागे ओमप्रकाशकाका, जे शाळेला माईक द्यायला आले होते आणि परत गेले नव्हते.

काजल सगळ्यात मागे बसली होती, दाराजवळ.

सुरभीनं परिचय केला. दामिनीताईनं स्टँडवरचा माईक हातात घेतला.

"मोबाईलवर बोलणं सोपं आहे," ती म्हणाली. "कोणी जांभई दिली तं दिसत नाई. इथं तिसऱ्या रांगेत एकानं आत्ताच दिली."

मुलं हसली. तिसऱ्या रांगेतल्या अमरनं तोंड मिटलं.

मग ती बोलली. तळेगावच्या शाळेबद्दल, घरून निघाली त्या दिवसाबद्दल, पहिला ब्लाउज शिवला तो उलटाच शिवला त्याबद्दल. मुलांनी प्रश्न विचारले. तुमच्या आईला राग आला का? "आला. सहा वर्षं राह्यला. आता सणाले पुरणपोळी पाठवते, पण वरून म्हणते का डबा वापस करजो." तुम्ही मुलगी आहात हे तुम्हाला कसं कळलं? "तुले तू पोरगा आहे हे कसं कळलं? कोणी आरशात दाखवलं काय? आतून माहीत असते ना. तसंच." तुमच्यासारखं कुणी आमच्या वर्गात असलं तर काय करायचं? "सोबत डबा खायचा. बाकी मांगाहून."

मग अमर उठला, जांभईवाला.

"ताई, तुमी टाळी काऊन नाई वाजवत?"

गोपाल सर भिंतीपासून एक पाऊल पुढे आले. काजलनं दाराच्या चौकटीला हात लावला. दार उघडं होतं. बाहेर हापशी, मग फाटक, मग रस्ता.

"बस बेटा," दामिनीताई म्हणाली. "टाळी वाईट नाई. टाळी वाजवणाऱ्या माह्या बहिणी आहेत, माह्या गुरुबाई बी वाजवतात. घरानं काढलं, शाळेनं काढलं, कामावर कोणी ठेवलं नाई, तवा त्या बायांजवळ फकस्त हे दोन हात राह्यले. त्या टाळीवर त्यांनी एकमेकींले जगवलं. मी आजारी होती तवा मले बी जगवलं. मले शिवण शिकाले भेटलं म्हणून माही पोटाची गाडी मशीनवर चालते, एवढाच फरक. म्हणून त्या टाळीची मले लाज नाई." तिनं माईक दुसऱ्या हातात घेतला. "पण दुसरं कोणी ती टाळी मले वाजवून दाखवते ना, तवा ते मले सांगत असते का बाई, तू किती बी बोल, आमच्यासाठी तू एवढीच. तुमच्या गावात तान्ह्या पोळ्याले एका पोरीनं वाजवली. ती इथं बसली असंल. मी तिले विचारणार नाई, शोधणार बी नाई. लहानपणी मले वर्गात उभं करत, माहीत आहे मले कसं लागते ते."

दोन-तीन डोकी मागे वळली आणि लगेच पुढे झाली. काजलला ते दिसलं. अख्ख्या वर्गाला माहीत होतं आणि अख्खा वर्ग तिला झाकत होता. सुरभीनं पाठ अशी ताठ केली होती की तिच्या मागे कुणी दिसूच नये.

म्हणजे आता काहीच करायची गरज नव्हती. अजून दहा मिनिटं, मग आभार, मग स्कूटी निघून जाणार. दामिनीताई परत जाऊन ब्लाउज शिवेल आणि गळ्यात टेप घातलेली ती कोण होती, हे तिला कधी कळणार नाही. तिच्या मनात ती कुणीतरी हसणारी मुलगी राहील. आणि रोहण्याची काजल, जिनं लय चांगलं विचारलं होतं, ती वेगळी राहील. अशा दोन मुली. काजलनं दाराच्या चौकटीवरचा हात काढला.

ती उठली. दाराकडे पाठ करून, सतरंजीच्या कडेनं, मुलांचे गुडघे ओलांडत ती पुढे गेली. दामिनीताईपाशी पोचली तेव्हा तिला कळलं की बोलायचं काय ते आपण ठरवलेलंच नाही.

"ती मी," ती म्हणाली. "मी काजल. प्रश्न बी मीच पाठवला होता. दोन्ही मीच आहो."

दामिनीताईचा माईक खाली आला.

"ओमप्रकाशकाकांनी सांगितलं म्हणून वाजवली, हे खरं आहे. पण मी हसली बी होती. मले कोणी हस म्हटलं नवतं. पुरा व्हिडिओ पाह्यला तवा दिसलं मले. मी तुमच्यासारखी बनली होती ते चिडवाले नाई. मले तुमच्यासारखं बोलायचं होतं. भाषण पाठ केलं होतं. ते राहून गेलं आणि टाळीच झाली."

दामिनीताईच्या चेहऱ्यावर राग होता की दुसरं काही, ते काजलला समजेना. खिडकीत रीतानं पदर तोंडावर धरला होता, पण या वेळी खांदे हलत नव्हते.

"पाच वाक्यं होती?" शेवटी दामिनीताईनं विचारलं. "का दहा?"

"पाच. दोन झाली होती."

"मले वाईट वाटलं होतं, काजल. अजून आहे थोडं. ते एकदम जाणार नाई." दामिनीताई वाकली. माईक स्टँडवर लावून, स्टँडचा स्क्रू सैल करून तिनं तो खाली केला, काजलच्या हनुवटीपर्यंत. पिशवीतून टेप काढून स्वतःच्या गळ्यात घातला, काजलच्या नाही. "बोल. मी ऐकतो म्हणा का ऐकते म्हणा, ऐकून राह्यली."

काजलचं 'शिवतो' त्या बावीस सेकंदांत नव्हतंच. म्हणजे पुरा व्हिडिओ कुणीतरी तिला आधीच पाठवला असावा, किंवा ती नुसती गंमत करत असावी. विचारायला वेळ नव्हता. खिडकीत ऋतिकनं मोबाईल अर्धा वर उचलला होता आणि चित्रीकरण करावं की नाही अशा चेहऱ्यानं तो तसाच धरून उभा होता.

काजलनं माईक दोन्ही हातांनी धरला. खिडकीकडे पाहिलं.

"ऋतिकदादा," ती म्हणाली, आणि भोंग्यातून तिचा आवाज हापशीच्याही पलीकडे गेला, "चालू कर. पयल्यापासून घे. मी काय केलं ते बी सांगणार आहो, ते बी घे. आणि मधून कापजो नको."

ऋतिकनं मान हलवली.

काजलनं बोलायला सुरुवात केली, "नमस्कार. मी काजल, रोहण्याची."